रुक्माक्का आणि सगळ्यांच्या टाचा

रुक्माक्का नवीन माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत. त्याच्या टाचांकडे पाहतात.

आम्ही नाशिकहून तांबरमला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं, हमाल तमिळमध्ये आणि माझा नवरा प्रमोद मराठीत त्या कपाटाला शिव्या घालत होते, आणि मी घामाने निथळत भिंतीला टेकून उभी होते. तेवढ्यात समोरच्या दारातून पांढऱ्याशुभ्र केसांच्या, उंच, सुती साडी घोट्याच्या बरीच वर नेसलेल्या एक बाई बाहेर आल्या. मला वाटलं, पाणी विचारतील. त्या सरळ माझ्या मागे गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "बेस आहेत. पण डावी कोरडी पडली. तेल लावीत जा गे."

चेन्नईत माझ्या कानावर पडलेलं पहिलं मराठी वाक्य हे असं, पाठीमागून आलेलं.

"तुम्ही मराठी?" मी थक्क होऊन विचारलं.

"मग कोण? आमचे लोक राजांबरोबर तंजावरास आले. परत जायचें राहूनच गेलें," त्या म्हणाल्या. शेवटची गाडी चुकल्यामुळे मुक्काम करावा लागला, असा सूर होता. मग त्यांनी हमालांच्या टाचा पाहिल्या, प्रमोदच्या पाहिल्या, त्याच्या टाचा पाहून मान हलवली आणि आत निघून गेल्या. कपाट अर्ध्या जिन्यात तसंच होतं.

पुढे कळलं की रुक्माक्का नर्स होत्या, आणि नुसत्या नर्स नव्हे तर नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या टीचर. लग्न केलं नाही. "ड्यूटी होती," एवढंच कारण सांगतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर ज्या जखमा होतात, त्या होऊ न देणं हा त्यांचा विषय. विषय कसला, वेड! बाकीचं नर्सिंग त्यांच्या लेखी इतरांनी करायचं काम. इंजेक्शन काय, कोणीही देईल. पण माणसाला वेळेवर कुशीवर वळवणं, ही खरी विद्या. दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे वळवायचं, मग तो पेशंट मंत्री असो की हमाल.

निवृत्त झाल्यावर वळवायला पेशंट उरले नाहीत. म्हणून त्या बाकी सगळं वळवू लागल्या.

आमच्या कोपऱ्यावर कुमारचं भाजीचं दुकान आहे. अक्का रोज सकाळी तिथे जातात आणि काही घेण्याआधी त्याचे सगळे भोपळे एकेक करून दुसऱ्या अंगावर ठेवतात. भोपळा एकाच अंगावर पडून राहिला की खालून मऊ पडतो, मग पाणी सुटतं, मग आत कुजतो आणि वरून मात्र छान दिसत राहतो. "पेशंटाचें तस्सेंच," अक्का म्हणतात. "तोंड पाहून काय कळतें? तोंड अस्क्यांचें बरेंच दिसतें. खाली पाहावें." त्यांच्या मराठीत 'अस्के' म्हणजे सगळे. कुमार सुरुवातीला ओरडायचा. आता त्या दिसल्या की तो स्टूलावरून उठून बाजूला होतो, कारण तो बराच वेळ बसलेला दिसला तर त्या त्यालाही सोडत नाहीत.

साऱ्या दुकानात त्यांना एकच भोपळा पसंत. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलेला, डोळे वटारलेला, मिशा रंगवलेला कोहळा. इथे प्रत्येक दुकानाला, प्रत्येक नव्या घराला तो असतो. "पारु," त्या मला म्हणाल्या, म्हणजे बघ. "कुठे टेकला आहे? कुठेच नाही. ह्याला जन्मांत जखम व्हायची नाही. पेशंटाची टाच अशी पाहिजे, अधांतरीं." तेव्हापासून त्या कोहळ्याच्या वटारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं की मला माझ्या टाचा आठवतात. दृष्ट लागते की नाही हे मला माहीत नाही, पण मी तेल लावते.

पाया पडून घ्यायची मात्र अक्कांना भयंकर लाज. पहिल्या दिवाळीला मी सवयीने वाकले, तर त्याही वाकल्या. मी त्यांच्या पायांकडे, त्या माझ्या टाचांकडे. दोघींची डोकी अशी आपटली की फराळाचं ताट प्रमोदने वेळेवर धरलं म्हणून वाचलं. "माझ्या पायांत काय आहे पाहाण्याजोगें?" म्हणून त्या पाय साडीत ओढून बसल्या. त्यानंतर कधी मी वाकले नाही. आमच्या मजल्यावरचं कोणीच वाकत नाही. प्रत्येकाला एकेकदा टेंगूळ येऊन गेलेलं आहे.

रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये अक्कांचा वर्ग भरतो. आमच्याच हॉलमध्ये का, तर आमच्याकडे प्रमोद आहे. प्रमोदचं ऑफिस पेरुंगुडीला, पण तो बहुतेक दिवस घरूनच काम करतो, म्हणजे बसतो. त्यामुळे वजन चांगलंच आहे. अक्कांनी त्याला पाहताक्षणी "हा पेशंट" असं ठरवून टाकलं. इडली खाऊन प्रमोद सतरंजीवर आडवा होतो, मजल्यावरच्या बायका आणि वॉचमन भोवती उभे राहतात, आणि अक्का शिकवतात.

"काख धरून ओढूं नको! कातडें चादरीला राहतें, हाड पुढें जातें. मधलें अस्कें फाटतें. ओढूं नको, उचल. खाली आडवी चादर घाल, दोघांनी दोन बाजू धर, उचल. पाठीला उशी, गुडघ्यांमधें उशी, पोटरीखालीं उशी. टाच?"

"अधांतरी!" आम्ही सगळे.

"आणि लाल झालें कीं नाही तें कसें पाहशील?"

"डोळ्यांनी," तळमजल्यावरच्या नव्या बाई म्हणाल्या.

"अय्यो! पुस्तकांत लिहितात लाल दिसतें. पुस्तकें गोऱ्यांनी लिहिलीं. आमच्या रंगावर लाल कुठे दिसायचें? हाताची पाठ लाव. शेजारच्या जागेहून ऊन लागली, घट्ट लागली, तर समज. आणि घाई करूं नको. घाईंत हाताला कांहीं कळत नाहीं."

एवढं होईपर्यंत प्रमोद घोरायला लागलेला असतो. आम्ही त्याला डाव्या कुशीवर करतो, उजव्या कुशीवर करतो, तो जागा होत नाही. "उत्तम पेशंट," अक्का कौतुकाने म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्रमोदचं एवढं कौतुक मीसुद्धा कधी केलेलं नाही.

हा वर्ग आम्हाला कशासाठी, हा प्रश्न मला पडायचा. आमच्या मजल्यावर कोणी आजारी नव्हतं. विचारलं की अक्का म्हणायच्या, "शिकून ठेव. लागेल." कोणाला लागेल ते सांगायच्या नाहीत.

आता त्यांच्या फोनबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमची आणि त्यांची बाल्कनी लागून. संध्याकाळी मी बँकेतून, म्हणजे नुंगंबाक्कमहून, लोकलने घरी येऊन चहा घेत बसले की पलीकडून अक्कांचा फोन ऐकू यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. लागला की एकदम दणदणीत आवाजात, "टीचर बोलते. तेय्क्कादे!" मग थोडा वेळ तमिळमध्ये गडगडाट. मग फोन बंद. मग दुसरा नंबर. "टीचर बोलते. तेय्क्कादे!"

मी वॉचमनला विचारलं, तेय्क्कादे म्हणजे काय. तो म्हणाला, घासू नको. तमिळमध्ये मी शिकलेला पहिला शब्द हा, आणि मी तो उत्साहाने भांडीवाल्या बाईवर वापरला. ती दोन दिवस आली नाही.

शेवटी अक्कांनाच विचारलं, कोणाला सांगता हे? त्या मला आत घेऊन गेल्या आणि स्वयंपाकघरातला माठ दाखवला. माठाखाली चुंबळीच्या जागी एक लाल रबराची जाड रिंग होती, हवा भरायच्या नळीसकट.

"हें पेशंटाच्या कमरेखालीं घालीत होतों. मीच शिकविलें. माकडहाड मधल्या भोकांत, टेकायचें नाही, म्हणून. मग कळलें कीं कडेचा रबर रक्तच अडवितो. आतां माठाला दिली. माठाला चालते."

"आणि घासणं?"

अक्का स्टूलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

त्या काळी पाठीची जागा लाल झाली की स्पिरिट लावून, पावडर टाकून ती चोळायची, रक्त खेळतं म्हणून. सगळीकडे तसंच शिकवत. अक्का त्यात वाकबगार होत्या. त्यांचा हात असा की कण्हणारा पेशंट चोळता चोळता झोपी जायचा. मुलींचे हात आपल्या हाताखाली धरून त्यांनी तो दाब, ती गोल फिरत, तळहाताच्या मुळाने शेवटी द्यायचा तो एक हलका थांबा, सगळं शिकवलं. आणि नोकरी संपत आली तेव्हा एका प्रशिक्षणात कळलं की लाल झालेली जागा चोळायची नसते. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळलं की ते आणखी फाटतं. हात लावायचा तो फक्त बघायला. तिथला भार काढून घ्यायचा आणि जागा एकटी सोडायची.

"मी अस्क्या पोरींना उलटें शिकविलें," अक्का म्हणाल्या. "तें परत घ्यायला पाहिजे."

आणि त्यांनी ते परत घ्यायला सुरुवात केली. मुली पांगलेल्या. कोणी मदुराईला, कोणी केरळात, कोणी आखाती देशात, एक तर लंडनला मेट्रन. अक्का एकीकडून दुसरीचा नंबर मिळवायच्या आणि जिथे असेल तिथे तिला गाठून तेय्क्कादे म्हणायच्या. बहुतेकजणींना ते केव्हाच माहीत झालेलं असायचं. "कळलं टीचर, पुस्तकातच बदललं," म्हणायच्या. अक्का तरी पुन्हा सांगायच्या. पुस्तकाने बदललं ते वेगळं, टीचरने शब्द मागे घेणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्या सापडल्या. एक राहिली, सेल्वी. कोणाकडेच तिचा नंबर नव्हता. "तिचा हात अस्क्यांत बेस होता," अक्का म्हणायच्या. "माझ्याहून. आणि हट्टी. मी सांगितलेलें दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानें सोडायची नाहीं. अजून चोळीत असेल गे." सेल्वी सापडेपर्यंत त्यांना चैन नव्हतं. लोकलमध्ये पांढऱ्या साडीतली, ओळखपत्र लावलेली कोणीही बाई दिसली की त्या तिला विचारायच्या, तुमच्याकडे एक सेल्वी आहे का. तमिळनाडूत हे विचारणं म्हणजे पुण्यात सुनीता आहे का विचारण्यासारखं. सेल्वी भरपूर मिळाल्या, ती मिळाली नाही.

यंदा पोंगलच्या आधी कुमारच्या दुकानात भोपळ्यांचा ढीग आला. त्यात एक एवढा मोठा होता की कुमारने तो आणल्यापासून हलवला नव्हता. अक्कांनी हे दुरूनच हेरलं. कुमार म्हणत होता, अम्मा, थांबा, मी येतो. पण ओढायचं नाही, उचलायचं, हे अक्कांचं तत्त्व. त्यांनी उचलला. भोपळा सुखरूप दुसऱ्या अंगावर गेला आणि अक्का रस्त्यावर. खुब्याचं हाड मोडलं.

आम्ही त्यांना इथल्याच एका लहान दवाखान्यात नेलं. रिक्षात ठेवताना त्या वेदनेतही ओरडत होत्या, "काख धरूं नको! चादर आण!" कुमारने भाजीवरचं ओलं गोणपाट आणलं, मी आणि वॉचमनने दोन बाजू धरल्या, आणि अक्कांना कसं उचललं म्हणता, प्रमोदला उचलायचो तसं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो वर्ग कोणासाठी होता.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात विचारलं, सोबत कोण राहणार? नातेवाईक कोण? आम्ही मजल्यावरचे सगळे एकदम पुढे झालो. तिथे नर्सेस थोड्या होत्या, पण आम्ही तयार होतो. पाळ्या लावल्या. प्रमोद लॅपटॉप घेऊन तिथेच बसायचा, आणि वेळ झाली की मीटिंगमधल्या लोकांना "एक मिनिट" म्हणून उठायचा. आयुष्यभर वळवून घेतलेला माणूस आता वळवू लागला होता, आणि चांगलं वळवत होता. अक्का गुंगीतही त्याला सूचना द्यायच्या.

तरी ऑपरेशनच्या दिवशी बराच वेळ उताणं पडून राहावं लागलं होतं. त्याची खूण माकडहाडावर राहिलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी होते. रजेवरून परतलेली एक वयस्कर सिस्टर आली. गोल चेहरा, जाड चष्मा, अंबाड्यात मोगरा. केसपेपर वरवर पाहिला, अक्कांना हलक्या हाताने भिंतीकडे वळवलं, पाठ पाहिली, चकचक केलं आणि ट्रेमधून स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा काढला. मी "अहो" म्हणेपर्यंत तिचा हात माकडहाडावर गोल फिरू लागला होता.

अक्का ओरडतील म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत होते. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून तशाच पडून राहिल्या. तो हात गोल फिरला आणि शेवटी एक हलका थांबा घेतला. तेव्हा अक्का भिंतीला म्हणाल्या, "सेल्वी?"

हात थांबला. सिस्टर खाटेला वळसा घालून पलीकडे धावली, खाली वाकली, चष्मा वर केला, आणि किंचाळलीच, "टीचर!"

"तेय्क्कादे," अक्का म्हणाल्या.

यानंतरचं सगळं तमिळमध्ये झालं, पण एव्हाना मला तेवढं समजत होतं. सेल्वी म्हणाली, पण तुम्हीच शिकवलंत! अक्का म्हणाल्या, मीच शिकवलं, म्हणून मीच सांगते, सोड. सेल्वी म्हणाली, इथल्या नव्या मुली मला हेच सांगतात, मी त्यांना गप्प बसवते, म्हणते, माझ्या टीचरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? अक्का म्हणाल्या, त्यांना जास्त कळतं. सेल्वी रडायला लागली आणि रडता रडता भांडायलाही लागली, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? त्यावर अक्कांचा मूळचा आवाज परत आला. "लग्न केलंस, गाव बदललंस, नंबर बदललास, आडनाव बदललंस, फक्त हात बदलला नाहीस!"

सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरची आजी तर काही न कळताही हसली.

मग सेल्वीने त्या नव्या मुलींना हाक मारली आणि खाटेभोवती उभं केलं. अक्कांनी कुशीवर पडल्या पडल्या, स्वतःची पाठ उघडी टाकून, वर्ग घेतला. जागेला हात फक्त बघायला लावा, भार काढा, एकटी सोडा. इतका आनंदी पेशंट मी पाहिलेला नाही. सेल्वीने जाताना स्पिरिटची बाटली ट्रेमधून उचलून खिडकीत ठेवली, आणि टीचरची उशी पोटरीखाली नीट सरकवून दिली. दोन्ही टाचा अधांतरी झाल्या.

ती गेल्यावर अक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"मधुरा," त्या म्हणाल्या, "अस्क्या पोरी झाल्या. सेल्वी शेवटची."

"मग आता सुटलात, अक्का."

"पोरींना फोन केले. ज्यांच्या पाठी मीं माझ्या हातानें चोळल्या, त्यांना कुठे फोन करूं? ते झोपी जात. बरें वाटलें सिस्टर, म्हणत. हात जोडीत गे."

तुम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणणार होते, पण ते त्यांना माहीत होतं. मला रडू येत होतं आणि रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं. म्हणून मी त्यांचीच रीत धरली.

"टाच दाखवा, अक्का."

त्यांनी सवयीने पाय ओढून घ्यायला पाहिलं, पण तो पाय आता ओढता येत नव्हता. मी खाटेच्या पायथ्याशी गेले, चादर दुमडली आणि वाकले. या खेपेला डोकं आपटायला पलीकडे कोणी नव्हतं. साऱ्या इमारतीला तेल लावायला सांगणाऱ्या बाईच्या टाचा भेगांनी भरलेल्या होत्या. वर्षानुवर्षं वॉर्डात उभ्या राहिलेल्या टाचा. मी हाताची पाठ आधी एकीला लावली, मग दुसरीला.

"ऊन आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. गार आहे. मऊ आहे. ठीक आहे, अक्का."

मी हात काढणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "राहूं दे आणिक थोडा वेळ. घाईंत कळत नाहीं."